बाबांनी जपून ठेवलेलं शोधताना: लॉकर, रुमाल आणि हार्ड डिस्क

बाबा ९ फेब्रुवारी २०२४ ला गेले. त्यानंतरचं जवळजवळ वर्ष आमचं त्यांनी जपून ठेवलेल्या गोष्टी शोधण्यात, सोडवण्यात आणि पुन्हा नीट ठेवण्यात गेलं. हे काम सुरू केलं तेव्हा कुठून धरावं तेच कळत नव्हतं. घरातलं माणूस गेल्यावर एका हातात मृत्यूचा दाखला आणि दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन जो कोणी उभा असेल, त्याच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. कृष्णेच्या इतक्या जवळ की पावसाळ्यात सकाळी पहिला प्रश्न चहाचा नसतो, ‘आयर्विनला पाणी किती?’ असा असतो. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. तिथे चाळीस फुटांना इशारा पातळी, पंचेचाळीसला धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या खालच्या मजल्यावर पुरुषभर चढलं. आईबाबांना नावेतून बाहेर काढलं, ते विश्रामबागेत काकांकडे राहिले. परत आले तेव्हा लोखंडी कपाटात चिखल होता आणि पत्र्याच्या ट्रंकेतले चार अल्बम लगद्यासारखे झाले होते. त्यावेळी आम्ही ते फोटो गच्चीवर उन्हात वाळवले. सगळे गुंडाळीसारखे वळले, एकमेकांना चिकटले, सोडवताना चेहरे निघून आले. आता माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. ओले फोटो वाळायच्या आधीच सुटे करायचे, स्वच्छ पाण्यातून हलकेच काढायचे आणि सावलीत कोऱ्या कागदावर उताणे पसरायचे. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. तेवढा वेळ किंवा जागा नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवायचे. गोठलेले फोटो पुढे सवडीने सोडवता येतात.

त्या पुरानंतर बाबा बदलले. जे जे महत्त्वाचं ते त्यांनी हलवलं. पण कुठे हलवलं हे सगळं कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायचं नव्हतं असं नाही. ‘सांगू की सावकाश’ असं ते म्हणायचे, आणि आम्हीही विचारलं नाही.

मृत्यू मिरजेच्या रुग्णालयात झाला, त्यामुळे नोंद तिथूनच महापालिकेकडे गेली. घरी मृत्यू झाला तर एकवीस दिवसांच्या आत आपण नोंदवायचा असतो, हे लक्षात ठेवा, पुढे विलंब शुल्क आणि खेपा वाढतात. दाखला १ मार्चला हातात आला. मी दहा प्रती घेतल्या आणि दहाही लागल्या. प्रती घेण्याआधी नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून बघा. आमच्या दाखल्यात आजोबांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. खिडकीवरच लक्षात आलं म्हणून दुरुस्ती दोन दिवसांत झाली.

४ मार्चला आईला घेऊन बँकेत गेले. लॉकर एकट्या बाबांच्या नावावर होता, किल्ली आमच्याकडे होती. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांप्रमाणे लॉकरचे करार नव्याने करून घेतले गेले, तसा बाबांनीही २०२३ मध्ये केला होता. त्या करारात नॉमिनीचा रकाना मोकळा होता. अधिकारी म्हणाले, ‘मॅडम, वारस नोंद नाही. कोर्टाचा वारस दाखला आणा, सगळ्या वारसांचं हमीपत्र आणा, दोन जामीनदार आणा, मग वरच्या ऑफिसला पाठवू.’ आई काहीच बोलली नाही. बाहेर पायरीवर आल्यावर एवढंच म्हणाली, ‘यांनी माझं नाव लावलं होतं गं. मी सही केलेली आठवतेय.’

वकिलांना विचारलं. कोर्टाच्या दाखल्याला सहा महिने तरी धरा म्हणाले, आणि खर्च वेगळा. मी पुण्याला परतले. तो महिना फार जड गेला. लॉकरमध्ये काय आहे हेही नक्की माहीत नव्हतं. आईच्या पाटल्या आणि आजीची नथ असणार एवढाच अंदाज होता.

पाडव्याला सांगलीला गेले. ८ एप्रिलला, गुढीची तयारी करताना, आईने माळ्यावरून वेताची जुनी पेटी काढायला सांगितली. तिच्यात बाबांचा रुमाल होता. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुन्या दप्तरखान्यांत कागद ज्या चौकोनी मांजरपाटात बांधून ठेवत, तसला. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर अशाच रुमालांत बांधून आहे. बाबा नोकरीच्या काळात एकदा ते बघून आले होते आणि तेव्हापासून घरचे कागद तसेच बांधत. आत वेखंडाच्या कांड्या होत्या, कसर लागू नये म्हणून. सातबारे, घराचं खरेदीखत, आजोबांचा जन्मदाखला, आणि एका पाकिटात बँकेचा शिक्का असलेली पिवळी पडलेली चिठ्ठी. लॉकरच्या नामनिर्देशनाच्या अर्जाची, म्हणजे एसएल-१ नमुन्याची पोच. वर्ष १९९८. नॉमिनी म्हणून आईचं नाव.

पाच वर्षांपूर्वीच्या पुरात लोखंडी कपाट बुडालं, आणि ही बोटभर चिठ्ठी माळ्यावर फडक्यात कोरडी राहिली.

१० एप्रिलला पुन्हा बँकेत. या वेळी तोंडी काही बोलले नाही, लेखी अर्ज नेला. सोबत मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि पॅन, पोचेची छायाप्रत. मूळ पोच फक्त दाखवायची, द्यायची नाही. अर्जात एक वाक्य मुद्दाम घातलं: रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार नॉमिनीचा दावा कागदपत्रं मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाली काढावा ही विनंती. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. शिक्का द्यायला जरा कुरकुर झाली, आम्ही शांतपणे बसून राहिलो. चार वाजता मिळाला. त्याच दिवशी शाखेतल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने आपणहून जुनं रजिस्टर काढलं आणि १९९८ ची नोंद सापडली. शाखा नव्या संगणक प्रणालीवर गेली तेव्हा ती पुढे चढवलीच गेली नव्हती. आधी नॉमिनी लावलाय म्हणून बाबांनी नव्या करारात रकाना मोकळा सोडला असणार. तुमच्या घरातल्या कोणाचा लॉकर असेल तर नव्या करारावरचा हा रकाना आजच बघा. जुनी नोंद आपोआप पुढे येते असं धरून चालू नका.

तेराव्या दिवशी, २३ एप्रिलला, लॉकर उघडला. बँकेचा अधिकारी, आई, मी आणि दोन त्रयस्थ साक्षीदार. साक्षीदार आपणच न्यायचे होते. समोरचे औषध दुकानवाले दादा आणि आईची मैत्रीण आल्या. वस्तू एकेक बाहेर काढून यादी केली, वजन नाही, फक्त वर्णन: ‘पिवळ्या धातूच्या पाटल्या दोन’. सोनं असं लिहीत नाहीत. बंद पाकिटं उघडली नाहीत, ‘मोहोरबंद पाकीट एक’ अशीच नोंद केली. सगळ्यांच्या सह्या झाल्या. आईला एक पत्रही मिळालं, की तिला ताबा मिळतो आहे तो सगळ्या वारसांच्या वतीने. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हा फरक मलाही तोवर नीट माहीत नव्हता. भावाशी मी आधीच बोलले होते, म्हणून त्या पत्राने घरात काही वेगळं घडलं नाही. लॉकर उघडायच्या आधी भावंडांनी एकदा बोलून घ्यावं, फोनवर का होईना.

पाटल्या होत्या, नथ होती, ठुशी होती. आणि तळाशी तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली, सिलिका जेलच्या पुड्या घातलेली एक हार्ड डिस्क. पिशवीवर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं: ‘सर्व फोटो व आईचा आवाज. पूर येवो, न येवो.’

आईचा आवाज म्हणजे माझ्या आजीचा. १९८७ साली बाबांनी टेपरेकॉर्डर समोर ठेवून तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या.

डिस्क घरी आणून लॅपटॉपला लावली. टक, टक, टक असा आवाज आला आणि काही दिसलं नाही. पुन्हा लावली, तेच. तिसऱ्यांदा लावावीशी वाटत होती, पण भावाने फोनवर थांबवलं आणि ते बरं केलं. असा आवाज करणारी डिस्क जितक्या वेळा चालू करावी तितकी आतली चकती खरवडण्याची भीती असते. पुण्यात डेटा परत मिळवून देणाऱ्या एका ठिकाणी दिली. आधी तपासणी, मग अंदाज: २१,००० रुपये, तीन आठवडे, जेवढं निघेल तेवढं. वाचणारा भाग निकामी झाला होता, तो बदलायचा होता. पैसे जास्त वाटले. पण पिशवीवरचं अक्षर डोळ्यांसमोरून जाईना. २ जूनला फोन आला. साठेक जीबीपैकी एक्केचाळीस जीबी निघाला. फोल्डरांची आणि फाइलींची नावं गेली होती, हजारो फोटो नुसते आकड्यांनी. आजीचा आवाज त्यात नव्हता.

बाबांनी डिस्क २०१४ मध्ये घेतली होती. पावती रुमालातच होती. २०१९ नंतर ती लॉकरमध्ये गेली आणि कोणी कधी लावून बघितली नाही. पाण्यापासून त्यांनी तिला वाचवलं होतं. पण ही यंत्रं नुसती ठेवून टिकत नाहीत, वर्षातून एकदोनदा चालवून बघावी लागतात आणि पाचेक वर्षांनी नव्यावर उतरवावी लागतात. तांब्याचा हंडा माळ्यावर पन्नास वर्षं राहतो, तसं यांचं नाही. पेनड्राइव्ह आणि नव्या एसएसडीसुद्धा वर्षानुवर्षं वीज न देता ठेवल्या तर आतलं विसरू शकतात. मला हे कोणीतरी २०१९ मध्ये सांगायला हवं होतं, म्हणून इथे सांगते आहे.

मग मूळ कॅसेट शोधायला लागलो. बाबांनी आवाज डिस्कवर घेतला तो कशावरून तरी घेतला असणार. जूनभर दर शनिवारी-रविवारी सांगली. पुणे-सांगली एसटीत मी कितीतरी याद्या केल्या आणि खोडल्या. कॅसेटी शेवटी सापडल्या देवघराच्या वरच्या फडताळात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तेवीस. अकरांवर पांढरी बुरशी होती. बुरशी दिसली तर कॅसेट लावू नका, ती यंत्रात पसरते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. त्या अकरा मी कोरड्या डब्यात वेगळ्या ठेवल्या. चांगल्या बारांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारातून १,८०० रुपयांना टेप घेतला, त्याचा पट्टा बदलून घेतला. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे चिकटलेली फीत सैल होते. टेपच्या हेडफोनच्या जागेतून वायर लॅपटॉपला, लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. तासाच्या कॅसेटीला तासच लागतो. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवायची, एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवायला.

सातव्या कॅसेटीवर जात्याची घरघर आली. आई भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. सासूबाईंचा आवाज तिने सदतीस वर्षांनी ऐकला. मी मध्ये काही बोलले नाही. कॅसेटीवर शेवटी बाबांचा तरुण आवाज आहे: ‘आई, अजून एक म्हण की.’

फोटोंचं काम जून ते सप्टेंबर चाललं. सपाट काचेचा स्कॅनर घेतला, ६,५०० रुपये. मोबाइलने फोटोचा फोटो काढणं पटकन होतं, पण उजेड चमकतो आणि कडा वाकड्या येतात. मी सहाशे डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके, सगळे केले, अंगठ्याएवढे जुने काळे-पांढरे बाराशेला. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, दात साफ करण्याचा पातळ दोरा मागून करवतीसारखा सरकवला की सुटतात. कागदांना गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल असतील तर काढा. जुना दस्त लॅमिनेट तर मुळीच करू नका, एकदा केलेलं लॅमिनेशन कागद न फाडता निघत नाही. फोटोच्या मागे काही लिहिलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. फाइलीचं नाव एकाच पद्धतीने: आधी वर्ष, मग महिना, मग गाव, मग प्रसंग. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात.

एक गोष्ट उशिरा सुचली. स्कॅन करताना आई शेजारी बसून सांगायची, ही बुधगावची आत्या, हा अमक्याचा मुंजीचा मांडव. मी आधी लिहून घेत होते. मग मोबाइलवर तिचा आवाजच ध्वनिमुद्रित करायला लागले. तिला लिहिण्याच्या वेगाने बोलावं लागेना, आणि फोटोबरोबर तीही राहिली.

कागदांचं जरा थोडक्यात. शेतीच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज केला, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते, नंतर मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत मिळाला, त्यावर तलाठ्याच्या सहीची गरज नाही. डिजिलॉकर, म्हणजे कागद ठेवायची सरकारची ऑनलाइन सोय, त्यात एक फरक समजून घ्या. सरकारी खात्याने थेट तिथे दिलेला कागद, म्हणजे ‘इश्यूड’ विभागातला, कायद्याने मुळाच्या बरोबरीचा असतो. आपण स्कॅन करून चढवलेला कागद ही नुसती प्रत असते. खरेदीखत चढवून मूळ फेकून द्यायचं नाही. आई आणि मी दोघींची खाती नीट केली. बाबांच्या नावाच्या कागदांना तो मार्ग उपयोगी नव्हता, कारण सगळं त्यांच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर.

त्यावरून आठवलं, बाबांचं सिम आम्ही वर्षभर रिचार्ज करत राहिलो. त्यांच्या नावाने व्यवहार करायला नव्हे, ते चूकच. पण विम्याच्या हप्त्याचे, मुदत ठेव संपल्याचे, फंडाचे संदेश त्यावर येत राहिले आणि आम्हाला माहीत नसलेली दोन खाती त्यातूनच कळली. घाईने नंबर बंद करू नका.

त्यांच्या मोबाइलमधले फोटो मिळाले ते माझ्या मुलामुळे. आजोबांनी मोबाइल उघडायची नक्षी त्याला शिकवली होती. गूगल टेकआउटने, म्हणजे खात्यातलं सगळं एकदम उतरवून देणाऱ्या गूगलच्याच सोयीने, सगळं उतरवून घेतलं. नाहीतर मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलकडे अर्ज करावा लागतो आणि पासवर्ड तर ते देतच नाहीत. दोन वर्षं न वापरलेलं खाते ते काढूनही टाकू शकतात. गूगलच्या सेटिंगमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ अशी सोय आहे. खातं ठरावीक महिने वापरात नसेल तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं हे आपण आधीच नेमून ठेवू शकतो. मी माझं आणि आईचं त्याच रात्री भरलं, दहा मिनिटं लागली.

आता काय कुठे आहे ते सांगते. छायाचित्रं आणि आवाज तीन ठिकाणी: एक डिस्क माझ्याकडे पुण्यात, एक भावाकडे नागपुरात, आणि एक प्रत क्लाउडवर, शंभर जीबीला वर्षाचे १,३०० रुपये. कृष्णेचं पाणी तिन्ही ठिकाणी एकदम पोचणार नाही. लॉकर नवीन घेतला, आई आणि मी दोघींच्या नावावर, दोघींपैकी कोणीही उघडू शकेल असा, नॉमिनी भाऊ. पोच घेतली, रुमालात ठेवली. भाडं २,००० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण २,३६०. नव्या नियमांत आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँक वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाई देते. पूर, भूकंप यांना ती बांधील नाही. म्हणून शाखा निवडताना मी विचारलं, स्ट्राँगरूम कितव्या मजल्यावर आहे आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. त्यांनी भिंतीवरची खूण दाखवली. मग दुसऱ्या भागातली शाखा घेतली, पाणी न पोचलेली. रिक्षाला जास्त पैसे पडतात.

आईने एक शंभर पानी वही केली आहे. कुठली वस्तू कुठे, कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण, पोच कोणत्या पाकिटात. पासवर्ड त्यात नाहीत, ते वेगळ्या बंद पाकिटात लॉकरमध्ये आहेत. वही तिने स्वतःच्या हाताने लिहिली, माझ्याकडून टाइप करून घ्यायला तयार झाली नाही. तिची एक छायाप्रत माझ्याकडे, एक भावाकडे.

बुरशी लागलेल्या अकरा कॅसेटी अजून डब्यात आहेत. साफ करून देणारं कोणी भरवशाचं सापडलं तर कळवा. आणि गेल्या खंडेनवमीला, बाबा ज्या पाटावर त्यांची करवत, टेस्टर आणि टेपरेकॉर्डर मांडायचे, त्याच पाटावर आईने दोन्ही डिस्का मांडल्या. भाऊ त्याची घेऊन नागपूरहून आला होता. हळदकुंकू डिस्कांच्या आवरणाला लागू नये म्हणून खाली कागद घातला. पूजा झाल्यावर दोन्ही लॅपटॉपला लावून, आजीची ओवी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजते का ते बघितलं, आणि वहीत तारीख घातली.